नाझिया-झोहेबवरची डॉक्युमेंटरी : भाचीचा रफ कट बघितला, नाशिककरांच्या आठवणी हव्या आहेत

गोदाकाठची (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. माझी भाची इथेच नाशिकला मास कॉम करतेय, शेवटच्या वर्षाला अर्ध्या तासाची डॉक्युमेंटरी करून द्यायची असते, आणि हिने विषय घेतलाय नाझिया हसन आणि झोहेब हसन, पाकिस्तानी गायक बहीण-भाऊ. मला इतका आनंद झाला ना ऐकून, कारण हिच्या पिढीला 'डिस्को दीवाने' म्हणजे २०१२ च्या 'स्टुडंट ऑफ द इयर'मधलं गाणं एवढंच माहीत, त्यात मधेच जो जुना आवाज येतो तो कोणाचा हे हिने शोधायला घेतलं आणि तिथून हा विषय निघाला.

परवा तिने रफ कट, म्हणजे फिल्मचं पहिलं कच्चं एडिटिंग, दाखवला. सुरुवातच अशी की काळा पडदा, मागे पियानो, लंडन, १३ ऑगस्ट २०००, वय ३५, कॅन्सर. मग मागे जाऊन बालपण, मग भराभर दोन-तीन गाणी आणि मग परत आजारपण, लग्न मोडलं ते, हॉस्पिटल. अर्ध्या तासातली जेमतेम नऊ मिनिटं गाण्यांची, मी घड्याळ लावून मोजली. झोहेब तर असा दिसतो की बहिणीच्या शेजारी उभा असलेला कोणीतरी मुलगा. मी म्हटलं अगं, ही दोघं गायली कधी मग? ती म्हणाली मावशी, पहिल्या दहा सेकंदांत धरून ठेवावं लागतं लोकांना, नाहीतर पुढे सरकवतात.

तिचं चूक आहे असं नाही म्हणत, तिला तसंच शिकवतात. पण मला रात्री झोप लागेना. १९८० साली मी दहा वर्षांची, बाबा नाशिकरोडला प्रेसमध्ये, आम्ही क्वार्टरमध्ये राहायचो. त्या वर्षी गणपतीत मंडळाच्या कर्ण्यावर नाझियाचं 'कुर्बानी'तलं 'आप जैसा कोई' दिवसातून किती वेळा लागायचं त्याला गणतीच नाही. आम्हाला वाटायचं कोणी मोठ्या बाई असतील, कारण पडद्यावर झीनत अमान. मग ताईने कुठूनतरी वाचून आणलं की गाणारी मुलगी १५ वर्षांची आहे. ताई तेव्हा दहावीला, म्हणजे तिच्याच वयाची! ताई त्या दिवशी संध्याकाळी बराच वेळ गप्प बसून होती, आणि मग आरशासमोर उभी राहून हळू आवाजात ते गाणं म्हणत होती, मी दाराआडून बघितलं. मला त्या दोघांची गोष्ट म्हटली की हे आठवतं, हॉस्पिटल नाही आठवत.

तर मदत हवीये. एक म्हणजे नाशिककरांच्या आठवणी, कॅसेट कुठे घेतली, कुठे वाजली, काय वाटलं. दुसरं, कोणाकडे ओरिजिनल कॅसेट, आतला कागद, रेकॉर्ड असेल तर शूट करायला मिळेल का. आणि तिसरं, सुरुवातीबद्दल तुमचं मत सांगा मोकळेपणाने, भाची पण इथे वाचणार आहे.

पंचवटीकर

रुमाल टाकून ठेवतो. रात्री सविस्तर लिहितो.

टेपडेक_सातपूर

वा काय विषय काढलात ताई. माझ्याकडे 'डिस्को दीवाने'ची एचएमव्हीची कॅसेट आहे, आतला कागद घडीवर फाटलाय पण दोघांचा फोटो शाबूत आहे. १९८१ ची. मेनरोडला घेतली होती, किंमत आठवत नाही पण पहिल्या पगारातून घेतली हे आठवतं, सातपूरला अप्रेंटिस होतो.

भाचीला सांगा, कॅसेट मिळाली की लगेच डेकमध्ये घालून प्ले दाबायचं नाही. आधी उजेडात धरून बघायचं टेपवर पांढरट बुरशी दिसते का. मग टेपच्या खाली जो छोटा फोमचा तुकडा असतो, प्रेशर पॅड, तो जागेवर आहे का ते, इतक्या वर्षांत त्याचा डिंक सुटतो आणि पॅड पडला की आवाज लांबून आल्यासारखा येतो. मग एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे फिरवून घ्यायची म्हणजे चिकटलेले थर सुटतात. डेकचं हेड स्पिरिटने पुसून घ्यायचं. आणि आवाज दबलेला वाटला तर हेडशेजारचा बारीक स्क्रू असतो त्याने अझिमथ, म्हणजे हेडचा टेपशी असलेला कोन, जुळवायचं, कान लावून, जिथे 'स' आणि 'श' चरचरीत येतात तिथे थांबायचं. एवढं सगळं केल्यावर मग एकाच दमात कॉम्प्युटरवर घ्यायची. मी करून देईन, पैसे नकोत.

आणि सुरुवातीबद्दल म्हणाल तर माझं मत एकच, गाण्याने सुरू करा.

हार्मोनियमवाली

मी गेली बरीच वर्षं इंदिरानगरला गाण्याचे क्लास घेते, शास्त्रीय आणि सुगम, त्यामुळे माझ्याकडून हे अनपेक्षित वाटेल पण मला नाझियाबद्दल फार बोलायचंय.

तेव्हा सिनेमातला बाईचा आवाज म्हणजे उंच पट्टी, बारीक, घोटीव, प्रत्येक सुरावर मेहनत ऐकू येणारा. आणि ही मुलगी आली ती खालच्या पट्टीत, किंचित नाकातून, मुरकी नाही, हरकत नाही, समोर बसून बोलल्यासारखी गाते. माझे गुरुजी म्हणाले होते हे गाणंच नव्हे. मी १८ वर्षांची, मी मान डोलावली आणि घरी जाऊन रेडिओला कान लावून बसले. आता विद्यार्थ्यांना सांगते की असं 'साधं' गाऊन बघा एकदा, सूर जरा हलला तर लपवायला काही नसतं.

त्यात तो आवाज दुहेरी ऐकू येतो ना, तो नुसता इको नाही. एकच ओळ गायकाकडून परत गाऊन घ्यायची आणि एकावर एक ठेवायची, दोन्ही वेळा शब्द अगदी त्याच क्षणी पडायला लागतात, तर तो जाडपणा येतो. हे संगीतकार बिड्डूंचं काम. बिड्डू मूळचे बंगळुरूचे, साठच्या दशकात लंडनला गेलेले, 'कुंग फू फायटिंग' हे १९७४ चं गाणं त्यांनीच प्रोड्यूस केलेलं, ते ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे पहिल्या नंबरला गेलं होतं. 'कुर्बानी' काढणाऱ्या फिरोज खानना नाझिया लंडनमध्ये एका पार्टीत भेटली, त्यांनी तिला बिड्डूंकडे पाठवलं. 'कुर्बानी'ची बाकीची गाणी कल्याणजी-आनंदजींची आणि हे एकच गाणं बिड्डूंचं, आणि त्या एका गाण्यावर १५ व्या वर्षी फिल्मफेअर. भाचीने हे दुहेरी आवाजाचं प्रकरण नक्की दाखवावं, कोणालातरी माइकसमोर उभं करून एकदा एकेरी एकदा दुहेरी, ऐकणाऱ्याला लगेच कळेल. माझ्या क्लासमधली एखादी मुलगी देते हवी तर.

नांदूरनाका

स्पष्ट लिहितो, राग मानू नका. पाकिस्तानी गायकांवर आपण नाशिकमध्ये बसून फिल्म कशाला करायची? आपल्याकडे कलाकार कमी आहेत का.

गोदाकाठची

राग नाही. तुमचं वाटणं मी समजू शकते, माझ्या सासरी दोघे सैन्यात होते. पण मला वाटतं ही गोष्ट आपली पण आहे. हिंदी सिनेमा, संगीतकार बंगळुरूचा, कॅसेट आपल्या एचएमव्हीची आणि ऐकणारे आपण, नाशिकरोडच्या क्वार्टरमधली मुलं. कराचीची दोन मुलं लंडनमध्ये गायली आणि ते आमच्या गणपतीत वाजलं, हे घडलंय. आणि तिकडे तेव्हा झिया-उल-हक यांची लष्करी राजवट, तशा काळात शाळकरी बहीण-भावाने डिस्कोची गाणी काढली, ह्याचं मला मोठेपणी जास्त कौतुक वाटायला लागलं.

नांदूरनाका

ठीक. माझ्या मोठ्या भावाकडे होती ती कॅसेट, हे खरंय. वाचतोय पुढे.

ओझरकर

आम्ही एचएएलच्या टाउनशिपमधले. माझ्या मते तुमच्या भाचीने करिअर नीट लावून घेतलं तर फिल्म आपोआप उभी राहील, कारण ते करिअर छोटंसंच आहे पण गच्च भरलेलं. १९८० 'कुर्बानी', १९८१ 'डिस्को दीवाने', १९८२ 'बूम बूम', ज्याची गाणी 'स्टार' सिनेमात होती, कुमार गौरवचा. सिनेमा पडला, गाणी राहिली. १९८४ 'यंग तरंग', त्याच्या गाण्यांचे व्हिडिओ बनवले होते, आपल्याकडे तेव्हा कित्येक घरांत टीव्हीच नव्हता! १९८७ 'हॉटलाइन', १९९२ 'कॅमेरा कॅमेरा', आणि ह्यानंतर नाझियाने गाणं थांबवलं. म्हणजे १५ व्या वर्षी सुरू आणि २७ व्या वर्षी संपलं. मधे तिने लंडनला शिक्षण केलं, कायद्याची पदवी घेतली, न्यूयॉर्कला युनोत काम केलं. गाणं सोडल्यावर काही रडत बसली नव्हती ती मुलगी, हे लोकांना माहीतच नसतं.

थोडं अवांतर. ही जी तक्रार ताईंनी केलीय तीच मला कारपेंटर्सबद्दल आहे. कॅरन आणि रिचर्ड कारपेंटर, अमेरिकेतले भाऊ-बहीण, १९७० चं 'क्लोज टू यू' त्यांचं. आमच्या टाउनशिपमध्ये एका काकांकडे त्यांची रेकॉर्ड होती, रविवारी खिडकीतून ऐकू यायची. कॅरन १९८३ च्या फेब्रुवारीत गेली, ३२ वर्षांची, स्वतःची उपासमार करून घेण्याच्या त्या आजाराने, अ‍ॅनोरेक्सियाने, हृदय खचलं होतं. आणि तेव्हापासून तिच्याबद्दल जे काही निघतं ते तिच्या वजनाबद्दल. अहो ती ड्रम वाजवायची! आधी ड्रमर आणि मग गायिका. त्यांच्या गाण्यात मागे जो मोठा कोरस ऐकू येतो तो कोरस नाहीच, ही दोघंच, थरावर थर चढवून गायलेली, आणि ते सगळे थर रचणारा रिचर्ड, वाद्यवृंद लिहिणारा पण तोच. तिथेही भाऊ पियानोमागे बसलेला म्हणून कोणाला दिसत नाही आणि इथेही तेच, झोहेबने स्वतः चाली केल्यात हे किती जणांना माहितीये? बहिणीपेक्षा लहान होता तो, 'डिस्को दीवाने' आली तेव्हा जेमतेम १४-१५.

पंचवटीकर

ओझरकर +१. झोहेबचं मी लिहिणारच होतो. 'स्टार'मध्ये कुमार गौरवला आवाज ह्याचा, म्हणजे पडद्यावर हिरो आणि मागे १५-१६ वर्षांचं पोरगं.

आमच्याकडे पंचवटीत ओरिजिनल कॅसेट घेणारे कमी. आम्ही टीडीकेची कोरी कॅसेट घेऊन दुकानात गाण्यांची यादी द्यायचो, दोन दिवसांनी भरून मिळायची. माझ्या कॅसेटवर एका बाजूला 'डिस्को दीवाने' आणि दुसऱ्या बाजूला आजीसाठी अभंग, कारण कॅसेट एकच परवडायची. आजी अभंग संपले की कॅसेट उलटायला मला हाक मारायची आणि एकदा मी नव्हतो तर तिने तशीच पूर्ण ऐकली. संध्याकाळी म्हणाली पोरगी चांगली गाते रे, दमत नाही. भाचीने हे घेतलं तर मी कॅमेऱ्यासमोर सांगायला तयार आहे.

वाद्यवृंद_८४

मी इथे फक्त वाचायला येते, लिहिलं नाही कधी. आज लिहिते, लांबेल, चुकलं तर सांभाळून घ्या.

मी आणि माझा धाकटा भाऊ, आम्ही नाशिकला ऑर्केस्ट्रात होतो, १९८२ ते ८९. ऑर्केस्ट्राचं नाव नाही लिहीत, मालक आता नाहीत. मी गायचे आणि भाऊ अ‍ॅकॉर्डियन, मग पुढे कॅसिओ आणि नंतर मोठा कीबोर्ड. गणपतीत दहा दिवस आणि नवरात्रात नऊ दिवस, सिन्नर, निफाड, येवला, मनमाड, ट्रकमध्ये सामान आणि सामानावर आम्ही. आई आमच्याबरोबर यायची कारण मुलीला एकटीला कोण पाठवणार. माझी एंट्रीच 'आप जैसा कोई'वर. लाइट बंद, फक्त तो सुरुवातीचा ठेका, मग मी. लोक पहिल्या ओळीला शिट्ट्या मारायचे आणि आईने डोक्यावरून पदर घेऊन बाजूला बसलेलं मला दिसायचं.

तो दुहेरी आवाज स्टेजवर आणायचा कसा? आमच्याकडे इको मशीन होतं पण ते नुसतं घुमायचं, शब्द एकमेकांत जायचे. मालक म्हणाले चालतंय. भाऊ म्हणाला नाही चालत. तो १५ वर्षांचा. त्याने आठवडाभर तेच गाणं ऐकून ऐकून शोधून काढलं की दुसरा आवाज लागतोय, आणि मग तो स्वतः कीबोर्डमागे दुसऱ्या माइकवर माझ्याबरोबर गायला लागला, माझ्याच पट्टीत, माझ्याच श्वासाबरोबर, आवाज इतका दाबून की त्याचा वेगळा ऐकू येऊ नये. त्याचा आवाज फुटायच्या वयातला, त्याला ते किती जड गेलं असेल हे आता कळतं. सात वर्षं. लोक येऊन मला म्हणायचे काय आवाज आहे तुमचा, अगदी रेकॉर्डसारखा. तो वायरी गुंडाळत असायचा. मी एकदाही कोणाला म्हटलं नाही की अर्धा आवाज ह्याचा आहे. लाज वाटून नाही, मला ते सुचलंच नाही. सगळ्यांना मीच दिसायचे आणि मलाही मीच दिसायचे.

८९ ला माझं लग्न ठरलं आणि गाणं बंद झालं. भाऊ पुढे दोन वर्षं वाजवत होता मग त्याने सिन्नरला कंपनीत नोकरी धरली. आमचं भांडण वगैरे काही नाही, राखीला येतो, भाऊबीजेला येतो. पण ह्या विषयावर आम्ही ३५ वर्षांत बोललो नाही.

ताई, तुमचा धागा वाचून मी काल त्याला फोन केला. म्हटलं तुला आठवतं का तू मागे गायचास. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला अक्का, तू 'बात बन जाए'च्या आधी श्वास नेहमी उशिरा घ्यायचीस, मला थांबावं लागायचं. इतकंच.

तुमच्या भाचीला सांगा सुरुवात कशीही करू दे पण त्या झोहेबला फ्रेमच्या कडेला उभा नको करू. बाकी माझं काही म्हणणं नाही.

हार्मोनियमवाली

अक्का, काय लिहिलंत. वाचून गळा भरून आला. तुम्ही दोघांनी परत एकदा गा, माझ्या क्लासची खोली आहे, पेटी आहे, दार बंद करून गा हवं तर.

टेपडेक_सातपूर

१९८६ च्या आसपास सातपूरला कंपनीच्या गणपतीत ऐकलंय मी तुम्हाला बहुतेक! पांढरी साडी होती का?

वाद्यवृंद_८४

पांढरीच. दोनच होत्या, एक पांढरी एक अबोली.

इंदिरानगर_आई

सगळ्यांचं पटतंय पण मला थोडं वेगळं म्हणायचंय. माझी मोठी बहीण ४१ व्या वर्षी गेली, कॅन्सरनेच. त्यानंतर घरात सगळे तिचं नाव निघालं की तिच्या लग्नाच्या, हसण्याच्या, खोड्यांच्या गोष्टी सांगायचे आणि शेवटची दीड वर्षं जणू झालीच नाहीत. मला त्याचा त्रास व्हायचा. ती त्या दीड वर्षातही तीच होती, केमोच्या खुर्चीत बसून माझ्या मुलीला फ्रॉक विणला तिने. म्हणून आजारपण काढून टाका म्हणू नका. भाचीने ते ठेवावं, पण सुरुवातीला आमिष म्हणून नको आणि पियानो नको. जिथे येतं तिथे येऊ दे, सरळ सांगू दे. नाझिया गेल्यावर घरच्यांनी तिच्या नावाने संस्था काढली, झोहेबने पुढे एकट्याने अल्बम काढला, हे पण त्याच भागात येतं ना. मागे राहिलेल्या माणसाचंही करिअरच असतं ते.

गोदाकाठची

खरंय तुमचं. मी रागाच्या भरात नको म्हटलं होतं, पण तुम्ही म्हणता तसं ते गोष्टीच्या आतच यायला हवं.

ओझरकर

अनुमोदन. अजून एक धागा सुटू नये, बिड्डूंनीच पुढे १९९५ ला अलिशा चिनॉयचं 'मेड इन इंडिया' केलं. सिनेमाशिवाय गाणं चालू शकतं, कॅसेटवर गायकाचा फोटो असू शकतो, हिरोईनचा नाही, ही वाट आपल्याकडे मोठी केली ती 'डिस्को दीवाने'ने. नव्वदच्या दशकात जे इंडीपॉप म्हणून आपण सगळे वेड्यासारखे ऐकत होतो त्याच्या मागे दोन शाळकरी मुलं उभी आहेत. एवढं एक वाक्य तरी निवेदनात येऊ दे.

रफकट

नमस्कार, मी गोदाकाठची मावशीची भाची. तीन दिवस वाचतेय आणि काल रात्री एडिटिंगची टाइमलाइन पूर्ण मोकळी केली. आधी जे केलं होतं ते मी नेटवरचे लेख वाचून केलं होतं आणि त्या सगळ्यांत शेवटच आधी असतो, म्हणून मलाही तसंच सुचलं. मी १३ ऑगस्ट सुरुवातीहून काढलंय. ते आता २३ व्या मिनिटाला येतं, संगीत न लावता, आणि त्यानंतर झोहेबचं पुढचं काम आणि संस्था.

सुरुवात अजून रिकामी आहे. अक्का, एक विचारू का, नाही म्हणालात तरी चालेल. तुम्ही आणि मामा एका खोलीत, दोन माइक, तेच गाणं. तुमचा चेहरा आधी नको, मामांचा आधी. तुमचा आवाज ऐकू येईल आणि दिसतील ते, आणि प्रेक्षकाला कळायला वेळ लागेल की ते काय करतायत. मग तिथून लंडनचा स्टुडिओ, बिड्डू, बहीण-भाऊ. मला वाटतं ह्याने दहा सेकंदांत नाही धरता येणार कोणाला, तीस-चाळीस लागतील, पण मला तसंच करायचंय.

टेपडेक काका, कॅसेट शनिवारी आणाल का? आणि पंचवटीकर काका, तुमच्या आजीची गोष्ट मला पाहिजेच आहे.

टेपडेक_सातपूर

डेकसकट येतो. स्पिरिट आणि कापूस पण आणतो.

पंचवटीकर

मी दुपारी तीननंतर केव्हाही.

हार्मोनियमवाली

खोली सकाळी ११ पासून मोकळी ठेवते. पंखा बंद ठेवावा लागेल रेकॉर्डिंगला, पाण्याच्या बाटल्या आणा सगळ्यांनी.

वाद्यवृंद_८४

भावाला विचारलं. आधी म्हणाला काहीतरीच काय, माझा आवाज आता कुठे. मग संध्याकाळी त्याचाच फोन आला. म्हणाला कोणत्या पट्टीत गाणार आहेस ते आधी सांग, दोन सूर खाली घ्यावं लागेल, आणि शनिवारच्या आधी एकदा घरी बसून श्वासाचं बघून घेऊ. उद्या रात्री जेवायला येतोय, कीबोर्ड घेऊन.

गोदाकाठची

ताईला हा धागा वाचून दाखवला आत्ता. ती पण येतेय शनिवारी.